अपाचे जागेवर, कमांड बेपत्ता: एका सर्व्हर-स्थलांतराचं प्रकरण

एका संस्थेच्या साइट डेबियन ९ या लिनक्सवर वर्षानुवर्षं चालत होत्या. त्या आवृत्तीचा दीर्घकालीन आधार ३० जून २०२२ ला संपला आणि सगळा संसार नव्या मशीनवर, डेबियन ११ वर हलवायचं ठरलं. हलवणारा तरुण मुळात वेब डेव्हलपर. सर्व्हर सांभाळण्याचं काम त्याच्याकडे ‘तुला जमतं ना थोडंफार’ एवढ्या पात्रतेवर आलेलं. अपाचे हा वेब सर्व्हर नव्या मशीनच्या तयार इमेजमध्येच, म्हणजे आधीच रचून ठेवलेल्या प्रणालीत, होता. फाइली आल्या, डेटाबेस आला, पहिली साइट दिसू लागली. दुसरी साइट चालू करायला त्याने जुन्या टिपणातली ‘ए२एनसाइट’ ही कमांड जशीच्या तशी दिली, तर बॅशकडून, म्हणजे आपण दिलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या शेलकडून, उत्तर आलं:

बॅश: ए२एनसाइट: कमांड नॉट फाउंड

माझ्याकडे फोन आला तोवर त्याने बरंच काही करून पाहिलं होतं. ते पुढे येईलच. आधी आमचं बोलणं:

“सर, अपाचे चालू आहे, साइट दिसतेय. मग त्याचीच कमांड कशी नाही?”

“तू आत्ता कोण म्हणून आहेस?”

“रूट.”

“रूट झालास कसा?”

“कसा म्हणजे? सू केलं, पासवर्ड टाकला. नेहमीसारखं.”

रूट म्हणजे सगळे हक्क असलेलं खातं, आणि ‘सू’ म्हणजे दुसऱ्या खात्यात, बहुधा रूटमध्येच, शिरायची कमांड. दुखणं त्या ‘नेहमीसारखं’मध्येच होतं. पण ते लगेच सांगितलं नाही, कारण मधल्या काळात त्याने त्यावर आणखी एक दुखणं चढवून ठेवलं होतं आणि आधी ते उतरवणं भाग होतं.

आधी काय काय झालं होतं

कमांड सापडत नाही म्हटल्यावर त्याने अपाचे पुन्हा इन्स्टॉल करायला घेतला. बहुतेक जण हेच करतात. पॅकेज आणणारं ‘एपीटी’ सुरू झालं, पॅकेज उतरलं आणि ते प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीने काम अर्ध्यावर सोडलं. त्याची तक्रार अशी होती, की ‘एलडीकॉन्फिग’ आणि ‘स्टार्ट-स्टॉप-डीमन’ हे दोन प्रोग्रॅम पाथमध्ये, म्हणजे ज्या फोल्डरांमध्ये कमांड शोधली जाते त्या यादीत, मिळत नाहीत. त्याखाली एक टीप होती: रूटच्या पाथमध्ये साधारणपणे /यूएसआर/लोकल/एसबिन, /यूएसआर/एसबिन आणि /एसबिन असायला हवेत. (एसबिन हे मशीन सांभाळण्याच्या कमांडचे फोल्डर, बिन हे सगळ्यांच्या कमांडचे.)

म्हणजे निदान स्क्रीनवर छापून आलं होतं. डीपीकेजी सहसा इतकं सरळ बोलत नाही. त्याने ते वाचलंही, आणि नेटवर सापडलेल्या एका ओळीच्या धर्तीवर रूटच्या होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ फाइलच्या (शेल सुरू होताना ती वाचतो) शेवटी हे घातलं:

एक्स्पोर्ट पाथ=/यूएसआर/एसबिन:पाथ

दुसऱ्या ‘पाथ’च्या आधीचं डॉलरचं चिन्ह राहून गेलं होतं. ते असतं तर जुनी यादी शाबूत राहून तिच्यापुढे एक फोल्डर वाढला असता. ते नसल्यामुळे यादीत दोनच गोष्टी उरल्या: /यूएसआर/एसबिन, आणि जिथे उभे असू तिथला ‘पाथ’ नावाचा एक फोल्डर, जो अर्थातच अस्तित्वात नव्हता. गंमत म्हणजे आता ‘ए२एनसाइट’ चालली! तिने साइट चालू केल्याचं सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे सुचवलं, की बदल लागू होण्यासाठी ‘सिस्टमसीटीएल रिलोड अपाचे२’ द्या. त्याने दिलं:

बॅश: सिस्टमसीटीएल: कमांड नॉट फाउंड

मग ‘एलएस’ नाही, ‘कॅट’ नाही, ‘नॅनो’ नाही. ‘सीडी’ आणि ‘एको’ मात्र व्यवस्थित चालत होत्या, त्यामुळे गोंधळ वाढला. या दोन्ही बॅशच्या पोटातल्या कमांड आहेत. त्यांच्यासाठी डिस्कवर काही शोधावं लागत नाही, म्हणून पाथ रिकामा असला तरी त्या चालतात. (याच कारणाने ‘सुडो सीडी’ चालत नाही. सुडो, म्हणजे दिलेली कमांड रूटच्या हक्काने चालवून देणारा प्रोग्रॅम, डिस्कवर सीडी नावाची फाइल शोधतो आणि तशी फाइल सहसा नसतेच.)

बाहेर पडून ‘सू’ पुन्हा करणं निरुपयोगी होतं, कारण नवा शेल तीच ‘.बॅशआरसी’ वाचणार. ‘सू’पुढे डॅश (-) देऊन लॉगिन शेल, म्हणजे नव्याने लॉगिन केल्यासारखा शेल, घेतला तरी सुटका नव्हती. डेबियनमध्ये रूटची ‘.प्रोफाइल’ फाइल स्वतःच ‘.बॅशआरसी’ ओढून घेते. त्यामुळे त्याच शेलमध्ये हाताने पाथ मांडायला सांगितला:

पाथ=/यूएसआर/लोकल/एसबिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन

व्हेरिएबलला किंमत देणं हे शेलचं स्वतःचं काम, त्याला कुठली कमांड लागत नाही. एवढं केल्यावर एडिटर उघडला आणि ती ओळ पुसली. पूर्ण पत्ता देऊन, /बिन/नॅनो असं, एडिटर उघडता आलाच असता. ज्याच्या हातून पाथ बिघडला आहे त्याला ही एक वाट माहीत असली तरी मशीन पुन्हा सुरू करायची वेळ येत नाही.

जाता जाता एक गोष्ट. रूटच्या पाथमध्ये सापेक्ष फोल्डर असणं नुसतं चुकीचं नाही, धोक्याचंही आहे. आपण ज्या फोल्डरमध्ये उभे असू तिथे कुणी ‘पाथ’ नावाचा फोल्डर करून त्यात एलएस नावाची स्क्रिप्ट ठेवली, तर ती रूटच्या हक्काने चालेल. चालू फोल्डर म्हणजे नुसता टिंब पाथमध्ये ठेवत नाहीत, तेही याचसाठी. स्वतःची स्क्रिप्ट चालवताना आधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते ती उगाच नाही.

रूटच्या पाथमध्ये गेम्स

आता मूळ दुखणं. ती ओळ काढली, बाहेर पडून पुन्हा ‘सू’ केलं आणि ‘एको $पाथ’ द्यायला सांगितलं. आलं ते असं:

/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन:/यूएसआर/लोकल/गेम्स:/यूएसआर/गेम्स

‘हूएमआय’ला विचारलं तर उत्तर रूट. पण यादी सरळसरळ साध्या वापरकर्त्याची होती. डेबियन साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये गेम्सचे दोन फोल्डर घालतं आणि एसबिनचे गाळतं, रूटला उलट. प्रॉम्प्टवर हॅश आणि पाथमध्ये गेम्स एकत्र दिसले, की माणूस रूट झाला पण यादी जुन्याच खात्याची राहिली, हे ओळखायला दुसरं काही बघावं लागत नाही.

असं का, तर डेबियन १० पासून, म्हणजे जुलै २०१९ पासून, ‘सू’ ही कमांड वेगळ्या पॅकेजमधून येते. आधी ती शॅडो पॅकेजची होती, आता युटिल-लिनक्सची आहे. जुनी ‘सू’ नुसती दिली तरी पाथ रूटचा करून द्यायची. नवी ‘सू’ होम फोल्डर आणि शेल बदलते, पण पाथ आधीच्या खात्याचा तसाच पुढे नेते. डेबियन ९ वर ज्याची बोटं घडली त्याला हा बदल दिसतच नाही, कारण पासवर्ड विचारला जातो, प्रॉम्प्ट बदलतो, सगळं ओळखीचं वाटतं. फरक कळतो तो एसबिनमधली पहिली कमांड दिल्यावर.

आणि सगळ्याच कमांड एसबिनमध्ये नसतात, इथेच नीट फसायला होतं. ‘सर्व्हिस’ एसबिनमध्ये, ‘सिस्टमसीटीएल’ बिनमध्ये. ‘ए२एनमॉड’, ‘अपाचे२सीटीएल’, ‘यूजरमॉड’, ‘अ‍ॅडयूजर’ एसबिनमध्ये, ‘एपीटी’ बिनमध्ये. त्यामुळे अर्ध्या कमांड चालतात, अर्ध्या चालत नाहीत, आणि माणूस पॅकेजच अर्धवट बसलं असं समजतो.

खात्री करायला दोन प्रश्न पुरतात. फाइल आहे का? ‘एलएस -एल /यूएसआर/एसबिन/ए२एनसाइट’ दिलं तर ती दिसली, आणि ‘ए२एनमॉड’कडे बोट दाखवणारी नुसती लिंक निघाली. साइट चालू-बंद, मॉड्यूल चालू-बंद ही सगळी कामं एकच पर्ल स्क्रिप्ट स्वतःचं नाव पाहून करते. ती कुठल्या पॅकेजची, हे ‘डीपीकेजी’ला मोठा एस आणि पूर्ण पत्ता देऊन विचारलं, तर अपाचे२ हेच उत्तर. म्हणजे इन्स्टॉलेशनमध्ये काही खोट नव्हती. दुसरा प्रश्न, शेल कुठे शोधतोय? ते वर पाहिलंच. कमांड कुठून येते हे ‘व्हिच’ऐवजी ‘टाइप’ला विचारायची सवय मी लावायला सांगतो, कारण ‘टाइप’ला एलियास, फंक्शन आणि शेलच्या पोटातल्या कमांडही कळतात, ‘व्हिच’ नुसता पाथ धुंडाळतो.

उपाय ‘सू’पुढे डॅश देण्याचा. एवढंच लक्षात ठेवायचं, की डॅश दिल्यावर आपण रूटच्या होममध्ये जाऊन पडतो, त्यामुळे आधीच्या फोल्डरातल्या फाइलींची नुसती नावं देऊन चालत नाही. ‘/ईटीसी/लॉगिन.डेफ्स’मध्ये ‘ऑल्वेज सेट पाथ’ हा पर्याय ‘येस’ करून जुनी वागणूक परत आणता येते. मी ते करू दिलं नाही. उद्या तोच माणूस दुसऱ्या मशीनवर बसेल आणि तिथे तो पर्याय नसेल.

मग तो म्हणाला, की सगळे सुडो वापरतात तर आपणही तेच वापरू. वापरलं, तर:

बॅश: सुडो: कमांड नॉट फाउंड

निरोप तोच, ढंग तोच, पण इथे खरोखरच प्रोग्रॅम नव्हता. डेबियनचा इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड ठेवला की सुडो बसवत नाही, आणि या इमेजमध्येही तो नव्हता. एकाच खिडकीत, चार ओळींच्या अंतरावर, एकाच वाक्याचे दोन निराळे अर्थ. म्हणून फाइल आहे का हे आधी बघायचं. ‘एपीटी’ने सुडो बसवला, ‘अ‍ॅडयूजर’ने त्याचं खातं सुडो गटात टाकलं, तो बाहेर पडून पुन्हा आत आला, कारण गटात नाव घातलं तरी चालू सत्राला ते कळत नाही. सुडोची शोधयादी वेगळीच असते. सुडोअर्स फाइलमधला ‘सिक्युअर पाथ’ ती ठरवतो, आणि डेबियनमध्ये त्यात एसबिन आधीच असतं. म्हणून त्याचा प्रश्न इथे सुटल्यासारखा वाटला.

महिन्याभराने

साइटचं एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेचं, ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते मुदत संपायच्या साधारण ३० दिवस आधी बदलतो. एका सकाळी ब्राउझर म्हणू लागला, की प्रमाणपत्राची मुदत संपली. डिस्कवरची फाइल ‘ओपनएसएसएल’ने तपासली तर मुदत अजून दोन महिन्यांची. बाहेरून जोडून ‘एस_क्लायंट’ने तपासलं तर अपाचे जुनंच प्रमाणपत्र देत होता. नवं येऊन महिना झाला, पण अपाचेने ते वाचलंच नव्हतं. प्रमाणपत्र तो सुरू होताना किंवा रिलोड होताना वाचतो. सर्टबॉट इथे वेबरूट पद्धतीने, म्हणजे साइटच्या फोल्डरात नुसती तपासणीची फाइल ठेवून, चालवला होता आणि त्या पद्धतीत तो अपाचेला हात लावत नाही. रिलोडचं काम ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनकडे सोपवलेलं होतं. ओळ अशी होती:

अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट && सिस्टमसीटीएल रिलोड अपाचे२

ओळ शहाणी आहे. आधी रचना तपासा, ठीक असेल तरच रिलोड करा. जुन्या मशीनवर ती ‘/ईटीसी/क्रॉनटॅब’मध्ये, म्हणजे क्रॉनच्या सामाईक कामांच्या यादीत होती, आणि त्या फाइलच्या डोक्यावर पाथची ओळ होती, एसबिनसकट. नव्या मशीनवर त्याने ती ‘क्रॉनटॅब -ई’ देऊन रूटच्या वैयक्तिक क्रॉनटॅबमध्ये चिकटवली. पाथची ओळ मागेच राहिली.

सिसलॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, रोज रात्री दोन नोंदी होत्या. एक, कमांड चालवली. दुसरी, मेल पाठवणारा प्रोग्रॅम नाही, आउटपुट टाकून देत आहे. म्हणजे चूक रोज घडत होती, रोज छापली जात होती आणि रोज फेकली जात होती. आउटपुट एका फाइलकडे वळवल्यावर पहिल्याच रात्री ते हाती लागलं:

/बिन/एसएच: १: अपाचे२सीटीएल: नॉट फाउंड

या ओळीची सुरुवात बघा. इथे ‘बॅश’ नाही, ‘/बिन/एसएच: १’ आहे, आणि ‘कमांड’ हा शब्दही गायब आहे. डेबियनमध्ये /बिन/एसएच म्हणजे डॅश नावाचा छोटा शेल (‘सू’पुढच्या डॅशशी याचा संबंध नाही), त्याची बोलण्याची तऱ्हा ही. त्यातला १ हा ओळीचा क्रमांक. असा निरोप ‘सुडो:’ने सुरू झाला असता तर सिक्युअर पाथ बघायचा, ‘बॅश:’ने सुरू झाला तर आपल्या सत्राचा पाथ, /यूएसआर/बिन/एन्व्हने सुरू झाला तर स्क्रिप्टची पहिली ओळ. लोक कोलननंतरचं नाव वाचतात आणि पॅकेज शोधायला जातात. शोधणारा कोण होता, हे कोलनच्या आधी लिहिलेलं असतं.

क्रॉन नक्की काय देतो हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा त्यालाच विचारणं सोपं. दर मिनिटाला ‘एन्व्ह’चं, म्हणजे परिसरातली सगळी व्हेरिएबल दाखवणाऱ्या कमांडचं, आउटपुट /टेम्प/ मधल्या एका फाइलीत टाकणारी तात्पुरती ओळ घातली. उत्तर: पाथ=/यूएसआर/बिन:/बिन, शेल=/बिन/एसएच. बाकी जवळजवळ काही नाही. ‘.बॅशआरसी’ क्रॉन वाचतच नाही, त्यामुळे तिथे कितीही सुधारणा केली तरी इथे परिणाम शून्य. काही नव्या आवृत्त्यांमध्ये क्रॉन पाथ स्वतःच्या परिसरातून उचलतो, म्हणून दुसऱ्या मशीनवरचा अनुभव इथे लावू नये.

‘अपाचे२सीटीएल’ सापडली नाही, शेलने १२७ हा कोड परत दिला, आणि ‘&&’च्या पलीकडचं रिलोड झालंच नाही. १२७ म्हणजे सापडलं नाही, १२६ म्हणजे सापडलं पण चालवता येत नाही. लॉगमध्ये नुसता आकडा हाती लागला तरी हा फरक पुष्कळ वेळ वाचवतो.

एक शंका जाणकारांना येईलच. डेबियनमध्ये अपाचेच्या लॉगरोटेटच्या (जुने लॉग बाजूला करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत लॉग फिरवल्यावर रिलोड करायची तरतूद असते, रोजची. मग प्रमाणपत्र आपोआप का वाचलं गेलं नाही? कारण संस्थेतल्या लोकांनी ती फाइल बदलून ‘कॉपीट्रंकेट’ (लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) लावलं होतं आणि रिलोडचा भाग काढून टाकला होता. मूळ फाइल असती तर क्रॉनची ओळ मोडलेली असूनही सगळं सुरळीत दिसलं असतं, आणि दोष कोण जाणे किती काळ झाकला गेला असता.

तिथल्या तिथे अपाचे रिलोड केला, साइट सावरली. क्रॉनटॅबमध्ये पाथची ओळ घालता आली असती, पण तिच्यातही एक खाच आहे. क्रॉनटॅब व्हेरिएबल उलगडत नाही. तिथे ‘पाथ=$पाथ:/यूएसआर/एसबिन’ लिहिलं तर डॉलरसकट ती अक्षरं जशीच्या तशी यादीत बसतात आणि /यूएसआर/बिनसुद्धा हातचं जातं. ‘.बॅशआरसी’त डॉलर राहिल्याने जे झालं, तेच इथे डॉलर घातल्याने होतं! पूर्ण यादी लिहावी लागते. पण आम्ही क्रॉनची ओळच काढली. सर्टबॉटच्या ‘रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय’ या फोल्डरात चालवण्याजोगी फाइल ठेवली, की प्रमाणपत्र खरोखर बदललं तेव्हाच ती चालते. रोज रात्री विनाकारण रिलोड करण्यापेक्षा ते बरं.

त्याने स्क्रिप्ट लॅपटॉपवर लिहून चढवली, आत सगळे पत्ते पूर्ण दिले, परवानगी दिली. एसएचमधून चालवून पाहिली, तर पुन्हा ‘नॉट फाउंड’. पूर्ण पत्ता दिलेल्या, ‘एलएस’मध्ये ढळढळीत दिसणाऱ्या फाइलीबद्दल! तो वैतागला, आणि तसं होणं साहजिक होतं. तीच फाइल बॅशमधून चालवल्यावर निरोप थोडा मोकळा आला: ‘/बिन/एसएच^एम: बॅड इंटरप्रीटर’. लॅपटॉप विंडोजचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न चिकटला होता, त्यामुळे पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावापुढेही तो आला, आणि त्या नावाचा शेल जगात नाही. जे सापडत नव्हतं ते स्क्रिप्ट नव्हे, तिला चालवणारा. डॅशला हा फरक सांगता येत नाही, बॅश सांगतो. ‘कॅट’ला मोठा ए देऊन फाइल पाहिली तर ओळीच्या शेवटी तो ^एम डॉलरच्या आधी दिसला. ‘सेड’ने ते सगळे काढले आणि स्क्रिप्ट चालली.

त्यानंतर त्याला एक चाळणी दिली. कुठलीही स्क्रिप्ट क्रॉन किंवा हुकमध्ये ठेवण्याआधी उपाशी परिसरात चालवून बघायची:

एन्व्ह -आय पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी ‘स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता’

‘-आय’ने आपल्या सत्रातलं सगळं पुसलं जातं आणि उरतो तेवढाच पाथ जो आपण हाताने दिला. इथे जी चालते ती क्रॉनमध्ये बहुधा चालते. जुन्या मशीनवरून आणलेल्या सगळ्या स्क्रिप्ट या चाळणीतून काढल्या. डेटाबेसच्या बॅकअपची सुरळीत चालली. पोर्टवर नजर ठेवणारी अडकली, कारण तिला ‘नेटस्टॅट’ लागतो आणि तो ज्या नेट-टूल्स पॅकेजमध्ये येतो ते डेबियन आता आपणहून बसवत नाही. पॅकेज बसवून मोकळं व्हायचं की स्क्रिप्ट त्याच कामाच्या नव्या ‘एसएस’ कमांडवर आणायची, यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी ‘एसएस’च्या बाजूचा, तो म्हणतो, आउटपुटचे रकाने वेगळे येतात, ते रकाने उचलणारं सगळं ‘ऑक’ पुन्हा लिहावं लागेल. तूर्त ती स्क्रिप्ट बंद आहे.